कंट्रोल गल्ली

गणपतीत आमच्या घरी आरती झाली की मंडळी प्रसादाच्या वाट्या घेऊन सतरंजीवर बसतात, आणि कोणीतरी हमखास म्हणतं, "काय गं, तुमच्या गरिबीच्या ऑफिसातलं सांग ना काहीतरी!"

माझा दीर इथे ग्वाल्हेरात बाड्यावरच्या, म्हणजे भर बाजारातल्या एका बँकेत आहे. त्याला कोणी असं विचारत नाही. त्याच्याकडे सकाळी काम सुरू होतं आणि संध्याकाळी संपतं. आमचं काम गरिबी हटवायचं. ते संपत नाही, पुढेही सरकत नाही, आणि मधल्या वेळात जे काय होतं त्याचे किस्से होतात. आधी मी ते हसत हसत सांगायचे. हल्ली मंडळी हसतात आणि मी वाट्या गोळा करायला उठते.

तर आमची संस्था थाटीपुरात, एका भाड्याच्या दुमजली घरात. वर आमचे डायरेक्टर डॉ. कर्णिक सर. ग्वाल्हेरचेच, पण परदेशात जाऊन गरिबीवर पीएचडी करून आलेले. खाली मी, माझ्या हाताखालची विभा, आणि जीपचा ड्रायव्हर हरचरण. मी जाधव. आमचे पूर्वज म्हणे दक्षिणेतून तलवार घेऊन इथे आले. मी टॅबलेट घेऊन वस्त्यांमधून फिरते. फरक इतकाच, की त्यांना शत्रू समोर दिसत होता!

*

एकदा दिल्लीहून एक कन्सल्टंट आले. गरिबी कमी करण्याची रणनीती ठरवायची होती. ती ऑफिसात बसून ठरत नाही, त्यासाठी एसी हॉल लागतो. तो घेतला.

कन्सल्टंट म्हणाले, प्रत्येकाने एक झाड काढा. मुळांत गरिबीची कारणं लिहा, खोडात समस्या, फांद्यांवर परिणाम. आमच्या गटात एक माणूस कमी पडत होता, म्हणून सरांनी जीपमध्ये डुलक्या काढत असलेल्या हरचरणला आणून बसवलं.

आम्ही मुळांवर तुटून पडलो. विभा म्हणे दारू हे मूळ आहे. मी म्हणे ती फांदी आहे. चहा आला, गार झाला, तरी दारूची जागा ठरेना. तेवढ्यात हरचरणने शांतपणे आंब्याचं झाड काढलं. पिवळेधमक आंबे, फांदीला झोका, खाली रवंथ करणारी म्हैस.

कन्सल्टंट वाकून बघत राहिले. "भाई साहब, इसमें कारण कहाँ हैं?"

"साहब, आपने पेड़ बोला था. कारण हमको क्या पता!"

पुढे छापील रिपोर्ट आला. मुखपृष्ठावर हरचरणचं झाड, म्हशीसकट! खाली लिहिलं होतं, 'समुदायाचं स्वप्न'. आमची मुळं आत कुठेतरी होती. ते पान कोणी उघडल्याचं मला आठवत नाही.

*

त्या रणनीतीतून निघाल्या अगरबत्त्या. सगळ्या वस्तीला अगरबत्ती वळायला शिकवायचं, म्हणजे बायका आपल्या पायावर उभ्या राहतील. बायका खरंच हुशार. पटापट शिकल्या. घरोघरी ढीग लागले. मग विकायच्या कोणाला? शेजारणीला. शेजारीण म्हणायची, "हमाए घर में अपनी ही इतनी पड़ी हैं!"

सर म्हणाले, "मार्केट लिंकेज राहिलं." म्हणजे काय, तर बाजाराचा विचार करायचा राहून गेला होता. नई सडकवरच्या एका दुकानदाराला नमुना दाखवला. त्याने एक काडी पेटवली, वास घेतला, आणि दुसरं गिऱ्हाईक आल्यासारखं करून आत गेला.

शेवटी बायकांचं नुकसान नको म्हणून सगळा माल आमच्याच ऑफिसने घेतला. स्टोअररूम भरली, जिन्याखाली खोकी लागली. अजून तो वास भिंतींतून गेलेला नाही. परवा एक पाहुणे आले, दारातच थबकले, खोल श्वास घेतला आणि चपला काढून आत आले. सरांच्या केबिनपर्यंत बिचारे अनवाणी, हात जोडून!

*

मग आल्या शिलाई मशिनी. या वेळी सर म्हणाले, "आता शास्त्रीय पद्धतीने करायचं, जाधवबाई. औषधांच्या चाचण्या करतात ना, तसं. अर्ध्या लोकांना द्यायचं, अर्ध्यांना नाही. मग फरक मोजायचा."

मुरारच्या बाजूला एक वस्ती आहे. मधून नाला, नाल्याच्या दोन्ही काठांना एकेक गल्ली. दोन्हीकडे सारखीच घरं, सारखेच हाल. पायी पलीकडे जायला विजेचा एक जुना सिमेंटचा खांब आडवा टाकलेला, तोच पूल. गाडीला मोठ्या रस्त्याने वळसा. सरांनी नाल्याकाठी उभं राहून स्टीलच्या डब्यात दोन चिठ्ठ्या टाकल्या. वस्तीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या आजोबांनी एक काढली. पलीकडच्या गल्लीचं नशीब निघालं. अलीकडची झाली 'कंट्रोल ग्रुप'.

पलीकडच्या गल्लीत केसर. तिला मशीन मिळाली. तिने उभ्या आयुष्यात साधं बटणही लावलेलं नव्हतं.

अलीकडच्या गल्लीत शकुन. ती माहेरी डबऱ्याला मामाच्या दुकानात शिवण शिकलेली. ब्लाउज असा बेतायची, की बाईने अंगात घातला की आपोआप ताठ उभी राहावी. पण स्वतःची मशीन नाही, म्हणून थाटीपुरात घरोघरी भांडी घासायची. आधी नई सडकवरचा एक दुकानदार तिला हुक लावायचं, हात-शिलाईचं काम द्यायचा. तेही बंद झालं, कारण साबणाने तिची बोटं इतकी चिरली होती, की रेशमी कापडाचे धागे बोटांत अडकून निघायचे. मशीन आली की भांडी सुटतील, भांडी सुटली की बोटं भरतील, बोटं भरली की रेशीम पुन्हा हातात येईल. तिला आयुष्याकडून एवढंच हवं होतं.

सरांनी तिला समजावलं, "देखिए, आपकी गली को अभी कुछ नहीं मिलेगा. आपको बस जैसे रहती हैं, वैसे ही रहना है. स्टडी पूरी होने दीजिए, फिर आपकी बारी. मशीन इधर भी आएगी. मेरा वादा है."

"बस?" शकुन म्हणाली. "वैसे तो साहब, हम बिना कहे ही रह लेते हैं."

सर खूप हसले. सगळी गल्ली हसली. पण 'मेरा वादा है' हे मात्र सगळ्या गल्लीने नीट ऐकून ठेवलं.

*

मग दर काही महिन्यांनी मी टॅबलेट घेऊन शकुनच्या दारात. प्रश्न दिल्लीहून ठरून आलेले, त्यातला शब्द बदलायची मुभा नाही.

"घर में पंखा है?"

"है. चलता नहीं है."

"साइकिल?"

"नहीं."

"सिलाई मशीन?"

शकुन कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघायला लागली. "मैडम, तुम्हीं लोगों ने नहीं दी, और तुम्हीं पूछने आती हो!"

तरी चिडायची नाही. आलं ठेचून चहा करायची. मी येणार हे कळलं की उंबरा पुसून ठेवायची. एका फेरीला बघते तर खिडकीखालचा कोपरा रिकामा! ट्रंक बाहेर वळचणीला गेलेली, आणि त्या जागी विटांचा छोटा चौथरा. पावसात घरात पाणी शिरतं, मशीन भिजायला नको म्हणून. जुन्या पडद्याचं एक कव्हर पण हाताने शिवून तयार होतं, कडेला झालर लावलेली. मशीन यायच्या आधी मशीनचा अंगरखा!

प्रश्नावलीत शेवटचा प्रश्न असायचा, "पिछले महीने में आपको कितनी बार निराशा महसूस हुई?"

शकुनने जरा विचार केला. "जिस दिन तुम आती हो ना मैडम, उस दिन नहीं होती. लगता है, इत्ता पूछ रही हैं तो मशीन भी आती होगी."

याला टॅबलेटमध्ये पर्याय नव्हता. मी 'कधी कधी' वर बोट ठेवलं आणि पुढच्या घरी गेले.

*

फंड देणाऱ्या बड्या मॅडम एकदा काम बघायला आल्या. सरांची सक्त ताकीद, गाडी पलीकडच्या गल्लीतच न्यायची. अलीकडे दाखवण्यासारखं काही नव्हतं. ते नसावं म्हणून तर आम्ही झटत होतो!

केसरला मशीन चालवून दाखवायला सांगितलं. केसरने पदर खोचला आणि पायडल असं हाणलं, की मशीन घोड्यासारखी दौडायला लागली. मॅडम खूश, व्हिडिओ काढतायत. माझं लक्ष सुईकडे गेलं. सुईत दोराच नव्हता!

मॅडमनी आनंदाने पर्समधून एक ब्लाउजपीस काढलं. "मेरे लिए एक सिलोगी?" केसरने डोळ्याची पापणी न लववता वितीने माप घेतलं. विभा माझ्या कानाशी लागली, "ताई, अब तो गए. मॅडमचं कापड वाया जाणार, पक्कं!"

दुसऱ्या दिवशी ब्लाउज तयार. मॅडमचं दिल्लीहून कौतुकाचं पत्र आलं, असं फिटिंग त्यांच्या दिल्लीच्या टेलरलाही कधी जमलं नव्हतं. सरांनी केसरचा फोटो लावून मोठा फ्लेक्स केला आणि पलीकडच्या गल्लीच्या तोंडाशी टांगला.

केसर फ्लेक्सखाली उभी राहून म्हणाली, "हमाई फोटू काए लगा दी? हाथ तो शकुन के थे."

तेव्हा आम्हाला कळलं. शकुन रोज भांडी आटोपून खांबावरून पलीकडे जायची आणि केसरच्या मशीनवर बसायची. केसर गिऱ्हाईक आणायची, काजं करायची, दोघींचं मिळून चालायचं. आणि हे एका घरातलं नव्हतं. पलीकडे मशिनी, अलीकडे हात, सगळी येजा त्या खांबावरून. शकुनने दोन घरची भांडी सोडली पण होती. मला इतकं बरं वाटलं! इतक्या वर्षांत प्रथमच वाटलं, अरे, हे जमतंय की!

*

विभाने धावत जिना चढून ही बातमी सरांना सांगितली. सर पांढरे पडले.

"जाधवबाई, अहो हे कंटॅमिनेशन आहे!"

मग त्यांनी फळ्यावर दोन गल्ल्या काढून समजावलं. अलीकडच्या बायकाही मशीनवर कमवायला लागल्या, तर दोन गल्ल्यांत फरक काय दिसणार? फरक दिसला नाही, तर मशीनचा उपयोग होतो हे सिद्ध कसं होणार? आणि सिद्ध झालं नाही, तर अलीकडच्या गल्लीला मशिनी कुठून येणार? सगळं बरोबर होतं.

उपाय ठरला. मी आणि विभाने वस्तीत जाऊन बायकांना सांगायचं, की स्टडी संपेपर्यंत एकमेकींना मदत करू नका.

विभाने कसंबसं सांगितलं. केसर ऐकत राहिली. मग म्हणाली, "काए बिन्नू, पिछले महीने तो तुम्हीं गोल घेरे में हाथ पकड़वा के सबको एकता सिखा गई थीं?"

विभा रडकुंडीला आली. "दीदी, वो दूसरा प्रोजेक्ट था!"

परत येताना जीपमध्ये, थाटीपूर आलं तेव्हा म्हणाली, "ताई, सच्ची सांगते, मला लाजच वाटली. हम लोग कर क्या रहे हैं?" हरचरणने आरशातून माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं.

बाकीच्या बायकांनी आमचं किती ऐकलं असतं कोण जाणे. पण शकुनने ऐकलं. ती खांबापाशी उभी राहून आपल्या गल्लीतल्या बायकांना परत पाठवायला लागली. केसर बोलवायला आली तर तिलाही नाही म्हणाली. "नहीं केसर, साहब की स्टडी बिगड़ गई तो हमाई गली की मशीनें रुक जाएँगी."

आणि सोडलेल्या दोन घरची भांडी तिने पुन्हा धरली.

*

निकाल त्याच एसी हॉलमध्ये लागला. पडद्यावर दोन रेषा, एक पलीकडच्या गल्लीची, एक अलीकडची. सुरुवातीला दोन्ही जराशा वर, मग दोन्ही खाली, एकमेकींना चिकटून. पलीकडे मशिनी हातांवाचून पडलेल्या, अलीकडे हात मशिनींवाचून. फरक कुठून दिसणार?

बड्या मॅडम पहिल्या रांगेत होत्या. अंगात तोच ब्लाउज. काय सुरेख बसला होता! त्या म्हणाल्या, "तो ये साफ है कि सिलाई से गरीबी कम नहीं होती." पुढची रणनीती मोबाइल अ‍ॅपची ठरली. मशिनी फंड देणाऱ्यांच्या मालकीच्या, त्या गोळा करून दुसऱ्या जिल्ह्यातल्या प्रोजेक्टला पाठवायच्या.

ऑफिसात आल्यावर मी सरळ वर गेले. "सर, शकुनच्या गल्लीला शब्द दिला होता आपण."

सरांनी चष्मा काढला. माणूस वाईट नाही हो. डोळे लाल झाले होते. "मला आठवतं, जाधवबाई. पण तुम्हीच सांगा, एका गल्लीत जी गोष्ट उपयोगाची नाही हे सिद्ध झालं, ती दुसऱ्या गल्लीला कशी द्यायची? ते शास्त्रीय होणार नाही."

मी खाली येऊन जिन्याखालच्या खोक्यांवर बसले. अगरबत्त्यांचा वास नाकात जात होता. राग सरांचा आला, मॅडमचा आला, माझ्या हातातल्या टॅबलेटचा आला. आणि रागाखाली दुसरं काहीतरी होतं, ते रागापेक्षा वाईट होतं. विभा पाण्याचा ग्लास ठेवून गेली.

*

मशिनी आणायला मी आणि हरचरण गेलो. जीप पलीकडच्या गल्लीच्या तोंडाशी, फ्लेक्सखाली लावली. पहिलं घर केसरचं. मी कारण सांगितलं. तिने मशीनवरचे कपडे उचलले आणि भिंतीला टेकून उभी राहिली. हरचरण खाली बसून मशीनचं डोकं स्टँडवरून सोडवायला लागला.

जीप बघून शकुन नाल्याच्या तिच्या काठावर धावत आली. हाताला भांड्यांचा साबण तसाच. मी दाराबाहेर येऊन उभी राहिले होते.

"मैडम! स्टडी पूरी हो गई?"

"हो गई."

"कौन सी गली जीती?"

"दोनों बराबर, शकुन."

"बराबर?" तिचा चेहरा उजळला. "चलो, अच्छा हुआ. नहीं तो केसर का मुँह उतर जाता."

मला पुढचं बोलायचं होतं. वाक्य तयार होतं, जीपमध्ये सगळ्या वाटेने घोकलं होतं. पण ती थांबलीच नाही, वळून घरात पळाली. तिच्या उघड्या दारातून खिडकीखालचा कोपरा दिसत होता. तिने ओले हात पदराला पुसले, विटांवरची धूळ झटकली, झालरवालं कव्हर काढून बाजूला घडी करून ठेवलं.

एवढ्यात हरचरण मशीनचं डोकं दोन्ही हातांनी छातीशी धरून केसरच्या घरातून बाहेर आला आणि जीपकडे चालायला लागला.

शकुन दारात आली. त्याला जाताना बघून जोरात हसली, आणि हात हलवून नाल्यापलीकडे ओरडली,

"अरे भैया, उसे गाड़ी में काए धर रए हो? बस, नाला ही तो पार करना है!"